बर्फातली वाट आणि फजिती: तुमचे अनुभव येऊ द्या

कातळवाट

संक्रांतीच्या आधी माळा आवरायचा असा आमच्याकडे फतवा असतो. काल जुन्या स्टोव्हच्या खोक्यात एक मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटावर चढवायची दातेरी साखळी) सापडला. एकच. रबर चिकट झालेलं, साखळीला गंज. बायको खालून म्हणाली, भंगारात टाका. मी हो म्हटलं आणि अर्धा तास शिडीवरच बसून राहिलो.

त्याचा जोडीदार उत्तराखंडात केदारकंठाच्या जंगलात कुठेतरी पडलाय. जानेवारी २०१७. सांकरीहून निघून पहिला मुक्काम जुडा का तालाबला झाला, दुसऱ्या दिवशी बेसकॅम्पकडे निघालो. आम्ही पाच जण. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेली माणसं, आम्हाला काय बर्फाचं! पुढे चालणारा गढवाली पोरगा मागे वळून म्हणाला, "भाईजी, आगे पाला है, देख के." मी मागच्याला ओरडून सांगितलं, पुढे पाला आहे रे. त्याने त्याच्या मागच्याला. मनात म्हटलं, जंगल आहे तर पाला असणारच, त्यात सांगायचं काय?

तिसऱ्या पावलाला दोन्ही पाय वर. वाट नुसती ओली दिसत होती, काळपट. पानंही होती खरं तर, पण काचेखाली! दहा-बारा फूट घसरत जाऊन बुरांशच्या (तिकडचं लाल फुलांचं झाड) खोडाला अडलो. स्पाइक घाईत चढवला होता, पुढचं रबर बुटाच्या टोकावर नीट बसलं नव्हतं. तो सुटून खाली गेला. साखळीचा आवाज बराच वेळ येत होता.

तिकडे पाला म्हणजे गोठलेलं दव. दुपारी वितळून वाटेवर आलेलं पाणी रात्री गोठतं तेही त्यातच धरतात. उन्हाची बाजू दहा वाजता मोकळी होते, सावलीतली वळणं दिवसभर तशीच. त्या पोराने नंतर मला समोर बसवून शिकवणी घेतली: ताजी पडलेली ती कच्ची, तुडवून दाबली गेलेली ती पक्की, आणि हा पाला. कच्चीत रुततोस, पक्कीवरून चालतोस, पाल्यावर आपटतोस. आपल्या भाषेत सगळ्याला बर्फ. मोकळे झालो.

भाचा पुढच्या आठवड्यात तिथेच निघालाय. बूट कुठले घेऊ एवढंच विचारतो. म्हणून म्हटलं इथे विचारावं. तुमचे अनुभव लिहा, फजिती आधी.

गवतीचहा

मेथीचा पाला निवडता निवडता वाचलं. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली. तुमच्यामुळे!

डोंगरवेडी

माझा तुंगनाथचा. फेब्रुवारी होता. देऊळ बंद असतं तेव्हा, देव खाली मक्कूमठला गेलेले. चोपत्यापासून वर फरसबंद वाट आहे ती पूर्ण गडप, रेलिंगची नुसती टोकं दिसत होती. दिवसभर ढग. गॉगलवर सारखी वाफ धरत होती, म्हणून काढून खिशात टाकला. ऊनच नाही तर गॉगल कशाला, हा माझा तर्क.

रात्री नऊच्या सुमारास डोळ्यांत रांगोळी गेल्यासारखं व्हायला लागलं. मग पाणी. मग उघडवेनात. तंबूतल्या टॉर्चचा उजेडही सुईसारखा. मी रडत होते आणि रडल्याने अजून झोंबत होतं. ग्रूपमधल्या एका काकूंनी ओला रुमाल डोळ्यांवर ठेवला, लेन्स काढायला लावल्या आणि चोळलंस तर हात बांधीन म्हणाल्या. दुसरा दिवस डोळ्यांवर ओढणी बांधून पडून. तिसऱ्या दिवशी ठीक.

नंतर कळलं की अतिनील किरण ढगातूनही येतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे टोपीचा उपयोग अर्धाच. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत माझी कातडी सोलली होती. नाकपुड्यांच्या आत! क्रीम तिथेही लावा.

शुद्धलेखनी

'ताजा बर्फ', 'ताजी बर्फ', पुढे कोणीतरी 'ताजं बर्फ' लिहीलच. एकदा काय ते ठरवा.

कातळवाट

माझी ती हिंदीतून आलेली आहे, गढवाली पोराच्या तोंडची. माझा बर्फ पुल्लिंगी.

आळशी मांजर

आमच्या नागपुरात बर्फ पडत नाही त्यामुळे लिंगाचा प्रश्न येत नाही. गोळा मात्र पुल्लिंगी.

सह्यमित्र_७७

ऑफिसात आहे. ब्रह्मतालचा जबरी किस्सा आहे, रात्री सविस्तर लिहितो.

तांबडापांढरा

ब्रह्मतालला जाताना लोहाजंगला खोलीत बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी, होती. बूट ओले म्हणून सगळ्यांनी तिच्याभोवती मांडून ठेवले आणि जेवायला गेलो. मंडव्याची (नाचणीची) रोटी, राजमा, वर तूप, त्यात वेळ गेला. परत आलो तर चप्पल जळल्याचा वास. माझ्या उजव्या बुटाचा सोल पुढून उघडलेला, मगरीसारखा. डिंक वितळला होता.

पुढचे चार दिवस तो बूट चिकटपट्टी आणि सुतळीवर चालला. दर तासाला सुतळी बर्फाने कडक व्हायची आणि तुटायची. बेकलतालला खेचरवाल्याने बघितलं, काही न बोलता स्वतःच्या सामानातली दोरी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. त्रिशूल आणि नंदाघुंटी किती सुंदर दिसतात ते लोक सांगतात, मी बहुतेक वेळ बूट बघत होतो.

बूट आगीजवळ सुकवू नका. ओल्या बुटात कागदाचे बोळे कोंबा, आतला तळवा काढून स्लीपिंग बॅगेत घ्या. वास येतो, चालतं.

लिंबूसरबत

मगरीसारखा :-))

नवव्या वर्षाच्या मुलाला घेऊन जाता येईल का? नवऱ्याला फार हौस आहे. मुलाला नाही.

डोंगरवेडी

केदारकंठा साडेबारा हजार फूट आहे आणि शिखराच्या दिवशी रात्री अडीच-तीनला उठवतात, कारण पहाटे बर्फ घट्ट असतो, उतरायला उशीर केला तर लगदा. तुमच्या मुलाला अडीचला उठवून बघा घरीच एकदा. त्यापेक्षा दयारा बुग्याल करा. रैथल किंवा बारसूकडून चढ सौम्य आहे. मोजे मात्र चार-पाच जोड, मुलं पहिल्या तासात भिजवतात.

लिंबूसरबत

अडीचला नवराच उठणार नाही. प्रश्न मिटला.

बोस्टनचे पोहे

आमच्याकडे न्यू हॅम्पशायरमध्ये माउंट वॉशिंग्टन आहे. उंची १९१७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटर जास्त. इथे आल्यावर पहिल्या थंडीत मी हेच गणित करून हसलो होतो. १९३४ साली तिथे ताशी २३१ मैल वारा मोजलाय. मी गेलो त्या दिवशी त्याच्या पाव हिस्साही नसेल, तरी झाडं संपतात तिथे बसून गुडघ्यांवर परत फिरलो.

खरी शिक्षा खालच्या जंगलात, एप्रिलमध्ये. थंडीभर माणसं एकाच रेषेत चालून वाटेच्या मधोमध बर्फ दाबून ठेवतात. बाजूचा वितळतो, हा मधला पट्टा उंच राहतो, दीड वीत रुंद. लोक त्याला मोनोरेल म्हणतात. पाऊल जरा बाजूला पडलं की मांडीपर्यंत आत. आत बुटाखाली ओढ्याचं पाणी लागतं, आणि बूट एकदा अडकला की पाय येतो, बूट येत नाही. मी पोटावर झोपून कोपरापर्यंत हात घालून बूट काढलाय. मागून येणाऱ्या आजोबांनी मदत केली आणि वर झापलं. कारण तुम्ही पाडलेली भोकं रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी घोटा जातो. स्नोशूज घालून यायचं हा इथला शिष्टाचार. घराबाहेर चपला काढतो तसं समजा.

आणि हलगर्जीपणाने अडकलात तर सुटकेचं बिल राज्य तुम्हालाच पाठवू शकतं. पंचवीस डॉलरचं कार्ड मिळतं, ते असलं तर बहुतेक वेळा बिलातून सुटका. मी दरवर्षी घेतो. बायको त्याला आयुर्विमा म्हणते.

आळशी मांजर

हा कायदा हरिहरच्या पायऱ्यांना लावा. रविवारी.

तांबडापांढरा

+१. लोहगडालाही.

गवतीचहा

आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो तेव्हा वेण्णा लेकला बोटीच्या धक्क्यावर दव गोठलं होतं. पहाटे सहाला सासऱ्यांनी सगळ्यांना उठवून नेलं, चमच्याने खरवडून डबीत भरलं. हॉटेलवर येईपर्यंत पाणी. ते पाणी त्यांनी पुण्याला आणलं. तेवढाच माझा हिमालय.

कातळवाट, तुमच्या हिशेबाने तो पालाच ना?

कातळवाट

शंभर टक्के पाला. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

निवांत ४२

चादर केली आहे का कोणी? मी २०१५ ला. झंस्कार नदीवरून चालायचं, नदी कधी तीन फूट गोठलेली, कधी पापड. लेहला आधी सक्तीचा मुक्काम आणि वैद्यकीय तपासणी असते. तेव्हा कुरकुर केली होती, आता पटतं. वाटाड्या काठी आपटत पुढे. टक् आवाज आला तर चला. ढब् आला की हात वर करून थांबवायचा, कडेच्या खडकावर चढून वळसा. पाय उचलायचा नाही, सरकवायचा, पेंग्विन चालतात तसा. तीन दिवसांनी सवय इतकी झाली की लेहच्या बाजारातही आम्ही ओळीने सरकत चाललो होतो. दुकानदार हसत होते.

रात्री उणे वीसच्या खाली. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण पाणी वरून गोठतं. सकाळी सुलटी केली की झाकणाकडची बाजू मोकळी. सिगारेट ओढणाऱ्यांचे लायटर चालेनात. आतला गॅस शून्याच्या खाली वायू व्हायलाच तयार नसतो. काखेत धरून बसायचे बिचारे. व्यसन सोडायचं असेल तर जा :-)

आता तिकडे निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेलाय, २०२४ मध्ये. गावकऱ्यांना थंडीत दवाखान्यात पोचायला तीच नदी होती, त्यांच्यासाठी फार चांगलं झालं. आमच्यासारख्यांनी हळहळ करू नये. मी थोडी केली.

दुपारची झोप

अवांतर: थंडीच्या ट्रेकला डिंकाचे लाडू नेऊ नका. दगड होतात. माझ्या मित्राचा दात गेला आहे.

गवतीचहा

तूप कमी पडलं असणार.

दुपारची झोप

आईने केले होते. तूप कमी असं तिला तोंडावर सांगायची हिंमत असेल तर नंबर देतो.

मनमोर

इतके दिवस नुसती वाचक होते, आज लिहिते.

क्वारी पास, आम्ही दोघं आणि इतर नऊ. खुल्लाऱ्याच्या कॅम्पवर रात्रभर पडत होता, सकाळी तंबू बाहेरून ढकलून मोकळा करावा लागला. उजाडल्यावर मात्र निळंशार आकाश, समोर द्रोणागिरी. यापेक्षा चांगला दिवस कोणता, असं सगळ्यांना वाटलं. दोन तास चढलो. एका उघड्या उतारापाशी वाटाड्या थांबला, काठी खुपसली. वरचा दीड फूट सहज गेली, मग अडली, मग एकदम भसकन खाली. तो दोन पावलं पुढे गेला आणि त्याच्या पायाखाली धप्प असा आवाज झाला. गादीवर कोणी बसावं तसा. मोठा नाही. पण तो मी पोटात ऐकला.

तो वळला. म्हणाला, "वापस." कोणी वाद घातला तर ऐकूनही घेतलं नाही. वरचा नवा थर खालच्या जुन्याला धरून नाही, मधे पोकळ आहे, आणि तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सुटतो, हे सगळं त्याने जोशीमठला जाताना जीपमध्ये सांगितलं. तिथे फक्त "वापस".

नवरा दोन दिवस घुश्शात. सुट्टी, तिकिटं, एवढा चांगला दिवस, तो घाबरला वगैरे. त्या उतारावर पुढे काही सुटलं का, माहीत नाही, बघायला आम्ही थांबलोच नाही. मला मात्र अजून कधी रात्री तो धप्प आठवतो आणि मी उठून पाणी पिते. पोरींच्या अंगावर पांघरूण आहे ना ते बघते. नवऱ्याला आठवत नाही म्हणे.

डोंगरवेडी

मनमोर, अंगावर आलं. लिहीत राहा.

बोस्टनचे पोहे

तो आवाज म्हणजे डोंगराने दिलेली शेवटची नोटीस असते. तुमच्या वाटाड्याला माझा दंडवत.

निवांत ४२

बक्षीस नेहमी शिखरावर पोचवणाऱ्याला मिळतं. परत आणणाऱ्याला आम्ही कुरकुरत पाचशे रुपये दिले होते एकदा. लाज वाटते.

आळशी मांजर

आमची उलटी गत. जानेवारी २०२४. स्पाइक, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर), हातमोज्यांचे दोन जोड, सगळं भाड्याने घेतलं आणि वर गेलो तर धूळ. त्या साली गुलमर्गलाही महिनाअखेरपर्यंत बर्फ नव्हता. पश्चिमी झंझावातच कोरडे गेले. केदारकंठाच्या माथ्यावर लोक कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या डागापाशी फोटोसाठी रांग लावून उभे. रांगेत एक काका म्हणाले, बसू नका, मळेल. खालच्या गावातला म्हातारा मात्र आकाशाकडे बघत नव्हता, सफरचंदाच्या झाडांकडे बघत होता. थंडी पुरली नाही तर फळ धरत नाही म्हणाला. आम्ही गेटर पिशवीत भरले आणि गप्प बसलो.

शुद्धलेखनी

'लोक कोपऱ्यातल्या एका पांढऱ्या डागापाशी.' वा. लिंग टाळलंत.

आळशी मांजर

घाबरून.

कातळवाट

भाच्याला हा धागा पाठवला. त्याचं उत्तर: "मामा, बूट कुठले ते कुठेच नाहीये." घोट्याच्या वर येणारा, पाणी आत न येणारा, एक नंबर मोठा म्हणजे जाड मोजा बसेल, आणि घरी महिनाभर वापरलेला. झालं? स्पाइक जागेवर घे, आणि चढवल्यावर पाय आपटून बघ.

सह्यमित्र, रात्र होऊन तीन दिवस झाले.

सह्यमित्र_७७

हो हो, क्लोजिंग चालू आहे. शनिवारी नक्की.

दुपारची झोप

आईला विचारलं. तूप बरोबर होतं. गुळाचा पाक पुढे गेला होता. गवतीचहा, अर्धी माफी.

गवतीचहा

पाक नाही करायचा, गूळ नुसता विरघळला की उतरवायचा. अर्धी माफी मंजूर.

प्रवासी पक्षी

वरचं सगळं वाचलं नाही. १५ फेब्रुवारीला मनालीला जातोय, बर्फ असेल का? आणि आई सोबत आहे, साडीवर चालेल ना?

आळशी मांजर

साडी चालेल. आत थर्मल, खाली बूट, आणि कोणी "पाला है" म्हणालं तर आईंचा हात धरा.