"कलेनं पोट भरत नाही" म्हणणाऱ्या गुरुजींना उत्तर

वणीकर: काल इथंच एका गुरुजींनी लिहिलं, की संस्थांनी गरिबाच्या पोरांना नाटकं-चित्रं शिकवणं बंद करावं, गणित-इंग्रजी शिकवावं, कलेनं पोट भरत नाही. वाचून डोकं तापलं. आमच्या गावात संस्थेनं घेतलेल्या नाटक-चित्रांच्या शिबिरात पारधी बेड्यावरची, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरची, एक पोरगी होती. वर्गात वर्षभर तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता. पोरांनी कापूस वेचणीवर नाटुकलं बसवलं, ती झाली मुकादम. गाठोडं काट्याला लावलं, आकडा बघायच्या आधीच "ओला हाय" म्हणून दोन किलो कापले. समोर गावातले मुकादम बसलेले. आता ती वर्गात हात वर करते. हे कोणत्या इंग्रजीच्या तासानं झालं असतं, सांगा.

आर्णीकर: एका पोरीवरून सगळं ठरवू नका भाऊ. शिबिर उन्हाळ्यात, पोट्टे गैरहजर वेचणीत, दिवाळीपासून. आमच्याकडं संस्था आली, फोटो काढले, अन् गेली ते गेलीच. आठवीतल्या पोट्ट्याले भागाकार येत नाही, त्याचं काय?

धारणीकर: अन् शिकवतात काय? वारली! मेळघाटातल्या कोरकू पोरांना पालघर-डहाणूकडची चित्रं! आमच्याकडं मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी सागाच्या फळीवर घोडेस्वार, चंद्र-सूर्य कोरतात. ते कोरणारे म्हातारे गावातच बसलेत. त्यांना कधी बोलावलं?

वणीकर: वारली काढली तर बिघडलं काय? त्रिकोण, गोल, पांढरा रंग, गेरूची भिंत. पहिलीतल्या पोरालाही जमतं.

धारणीकर: सोपं म्हणून दुसऱ्याचं उचलायचं? आदिवासी म्हटलं की सगळे एकच, हेच तुम्ही शिकवता. मला याचा राग येतो, येणारच.

वडसेकर: पोटाचं बोलायचं तर देसाईगंजला या. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. नटच नाही, पडदेवाले, लाइटवाले, वाजवणारे, सगळ्यांच्या चुली त्यावर पेटतात. परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

आर्णीकर: अन् होळीनंतर?

वडसेकर: मजुरी. धानाच्या रोवणीलाही जातात, ते खरं आहे. पण वर्षातले काही महिने घर चालतं ना?

आर्णीकर: बरं बाप्पा, त्या पोरीचं मानलं. पण मग शिबिर वेचणीच्या महिन्यांत घ्या, संध्याकाळी, बेड्यावरच. अन् नाटकातच किलोचा हिशोब शिकवा, म्हणजे दोन किलो कापले तर किती रुपये गेले हे तिलेच सांगता येईल.

वणीकर: हे मान्य. संस्थेच्या ताईंशी बोलतो. दिवसभर वाकून वेचणारी पोरं संध्याकाळी जागी राहतील का, तेवढीच शंका आहे.

धारणीकर: अन् सागाच्या फळीवाल्या म्हाताऱ्यांना कोण बोलावणार? यावर अजून कोणीच बोललं नाही.