तपासणी दरवर्षी, चिठ्ठी दरवर्षी, दाढ किडलेली ती किडलेलीच

वर्गशिक्षक:
जि. प. शाळांत आरबीएसकेचं (मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथक येतं, तोंड बघतं, 'दात किडणे' लिहून चिठ्ठी देतं. पुढच्या वर्षी त्याच दाढेला मोठा खड्डा. उपचार फुकट असूनही पालक का नेत नाहीत? शाळेत काय करता येईल?

दातकोरणं:
फुकट आहे तो उपचार. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज कोण देणार? कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली की दुधाच्या दाढेलाही रूट कॅनल लागतं, म्हणजे बहुधा दोन-तीन खेपा. मग गाल सुजेपर्यंत थांबतात आणि दाढ उपटली जाते. मागची दाढ पुढे सरकते, नव्या दाताला जागा उरत नाही.

सर्वांत मोठी फसगत सहाव्या वर्षी. पहिली कायमची दाढ एकही दात न पडता, अगदी मागे उगवते. घरात ती 'दुधाचीच' ठरते. पैसेवाल्या घरात तिच्या खाचांत वेळेवर सीलंट (कीड शिरू नये म्हणून खाचा बुजवणारा थर) भरून घेतात. पहिलीच्या वर्गात पालकांना आरसा देऊन हीच दाढ दाखवा.

निमकाडी:
शाळेत खिचडीनंतर ब्रश. १००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट घ्या. 'मुलांची' म्हणून मिळणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते कमी असतं किंवा नसतंच. वाटाण्याएवढी म्हणजे साधारण पाव ग्रॅम. ३० मुलांना रोज साडेसात ग्रॅम, १०० ग्रॅमची नळी १३ दिवस. नळी ब्रशला टेकवू नका, कागदावर ठिपके काढून द्या. थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. ओल्या ब्रशला टोपण घातलं की बुरशी धरते. नावं घालून उभे, सुटे ठेवा. घरून मिश्री लावून येणारी मुलंही असतात, तेही विचारा.

बोअरवेल:
यवतमाळ, चंद्रपूरकडे असाल तर आधी पाण्याचा अहवाल बघा, फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. तपकिरी डाग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि कडक असतील तर ती कीड नसून पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे डाग असण्याची शक्यता जास्त.

दातकोरणं:
दंत महाविद्यालयाचं शिबिर मिळालं तर ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड (किडीवर लावायचं चांदीयुक्त द्रव औषध) मागा. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही. ओठांना व्हॅसलीन, दात कापसाने कोरडा, बारीक ब्रशने मिनिटभर. एका थेंबात चार-पाच दात. सहा महिन्यांनी पुन्हा. कीड बहुतेक वेळा थांबते, पण तो भाग कायमचा काळा पडतो. हे आधी सांगितलं नाही की पालक भांडायला येतात, विशेषतः पुढच्या दातांवरून. म्हणून सुरुवात दाढांपासून, सही घेऊन. रात्री ठणका, सूज किंवा चांदीची ॲलर्जी असेल तर लावायचं नाही.