मदत हवी आहे : ऑलिव्ह तेल, घाण्याची करडई आणि दादांचा हट्ट

रामराम मंडळी. आमच्या दादांना (वय ६८, गाव परभणीजवळ) दिवाळीनंतर स्टेंट टाकला. तेव्हापासून पुण्याची बहीण ऑलिव्ह तेल पाठवतेय, एक्स्ट्रा व्हर्जिन, हिरव्या काचेची बाटली. दादांनी ज्वारीच्या भाकरीवर तेल-तिखट घेतलं, एक घास खाल्ला, खोकले अन् म्हणाले, "हे तर घशाला लागतंय, खराब झालंय." मी वाचलं की घशाला लागणं हे ताज्या तेलाचं लक्षण असतं. पण त्यांना कोण सांगणार!

आमच्याकडे पिढ्यानपिढ्या करडईच, तीही घाण्याची. ऑलिव्हमध्ये ओलेइक आम्ल जास्त, साध्या करडईत लिनोलेइक (दोन्ही तेलातली स्निग्ध आम्लं), एवढं मला कळतं. हृदयाला दोन्ही तुपा-डालड्यापेक्षा बरी म्हणतात. मग भावात इतका फरक असताना बदलायचं कशाला? डॉक्टर नुसतं "तेल कमी करा" म्हणाले, कोणतं ते विचारायचं राहूनच गेलं. कुणाच्या घरी असा बदल केला असेल तर सांगा. फोडणीला चालतं का, की वरूनच घ्यायचं?

दुसरं, एक रोपवाला जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हचीच, रोपं गळ्यात मारतोय. राजस्थानात इस्रायलच्या मदतीने लागवड झाली, हे खरं. पण या झाडाला फुलायला हिवाळ्याची थंडी लागते, आणि आपली थंडी संक्रांतीपर्यंतच. मराठवाड्यात कुणी झाडाला फळ धरलेलं डोळ्यांनी पाहिलंय का? फोटो असेल तर टाका. रोपवाला रविवारी परत येणार आहे.