स्लो कुकर उन्हाळ्यातच जास्त कामाचा

स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) फक्त थंडीतला, असं कुणीतरी लिहिलंय. मे महिन्यात जळगावात पारा ४५ला टेकतो, तेव्हा गॅससमोर तासभर उभं राहून बघा! मी रात्री सालाची उडदाची डाळ हळद घालून 'लो'वर लावते. सकाळी फक्त घोटायची आणि वरून ठेचलेल्या लसूण-मिरचीची फोडणी. पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, वाफ फारशी बाहेर जात नाही. झाकण उघडून डोकवायचं नाही (सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही). भरीत मात्र यात नकोच, वांगं तुरीच्या काड्यांवरच भाजावं. आणि यात राजमा लावायचा तर तो भिजवून, ते पाणी टाकून, आधी गॅसवर १० मिनिटं खळखळून उकळा. नुसत्या मंद आचेवर त्यातलं विष जात नाही, उलट्या होतात.