मदत हवी आहे: फॅशन छायाचित्रणात सहायक व्हावे की स्वतंत्र काम करावे?

अमेरिकी छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकासाठी नामवंतांची छायाचित्रे काढू लागल्या आणि १९८३ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाकडे गेल्या, त्याउलट छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हेडन यांचे नाव आधी ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकातील फॅशन छायाचित्रांमुळे झाले. मला व्यक्तींच्या छायाचित्रणाची (पोर्ट्रेट) मनापासून ओढ आहे, परंतु स्टायलिस्ट, रंगभूषाकार आणि कला-दिग्दर्शक अशा संपूर्ण चमूसोबत काम करण्याचा अनुभव नाही, आणि माझ्या मते तो केवळ अभ्यासक्रमातून मिळत नाही. त्यामुळे काही वर्षे एखाद्या अनुभवी छायाचित्रकाराचे सहायक व्हावे, की नवोदित मॉडेलांसोबत टेस्ट शूट (कामाचे नमुने तयार करण्यासाठीचे छायाचित्रण) करून स्वतःचा पोर्टफोलिओ उभा करावा? छायाचित्रांच्या वापराचे हक्क करारात कसे नोंदवावेत, याबद्दलही या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.