फोटोवरून आजार ठरवू नका

वर इंदूरच्या रामबागेतल्या गणेशोत्सवाचा फोटो आहे, त्यातल्या एका काकूंबद्दल दोघांनी प्रतिसादात लिहिलंय, "काकू किती उतरल्यात, नक्की काहीतरी मोठं असणार." मला हे अजिबात पटलं नाही. वजन उतरायला थायरॉइड वाढलेलं असतं, साखर असते, टीबी असतो, नैराश्य असतं, कधी नुसती नवी कवळी टोचत असते. डॉक्टरसुद्धा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), साखर, एक्स-रे बघितल्याशिवाय बोलत नाहीत.

अमेरिकेत १९६४ साली एका मासिकाने मानसोपचारतज्ज्ञांची मतं मागवून बॅरी गोल्डवॉटर या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या मनःस्थितीवर अंक काढला. गोल्डवॉटर यांनी मासिकावर दावा लावला आणि जिंकला. पुढे १९७३ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला: स्वतः तपासल्याशिवाय आणि संमतीशिवाय कोणाबद्दल असं मत द्यायचं नाही. शिकलेल्या डॉक्टरांना हे बंधन, मग आपली काय कथा?

आणि अंदाज इथेच थांबत नाही, याचं जास्त वाईट वाटतं. इंदूरचा मराठी समाज केवढासा, राजवाड्यापासून लोकमान्य नगरपर्यंत सगळे ओळखीचे. परवा किराण्याच्या दुकानात काकूंच्या मुलीला एकीने सगळ्यांदेखत विचारलं, "आईचं कितवं केमो?" हातातली साबुदाण्याची पुडी तशीच काउंटरवर ठेवून ती निघून गेली. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, तिथेही हे पोचणारच.

ते दोन्ही प्रतिसाद कृपया काढून टाका. काळजी वाटत असेल तर काकूंना फोन करा, आणि तब्येतीचा विषय त्यांनी स्वतः काढला तरच बोला.