प्लेस्टेशन प्लस : तीन श्रेणींपैकी कोणती घ्यावी?

प्रश्न :
घरी नुकताच प्लेस्टेशन 5 घेतला आहे. मुलगा मित्रांबरोबर फोर्टनाइट खेळतो, मला सवडीने कथाप्रधान खेळ खेळायला आवडतात. दुकानदाराने प्लेस्टेशन प्लस या सोनीच्या वर्गणी योजनेतील सर्वांत वरची श्रेणी, म्हणजे डीलक्स, सरळ वर्षभरासाठी घ्यायला सांगितली आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद 1 :
वर्षभराचे डीलक्स तूर्त घेऊ नका. सोनीने जून 2022 मध्ये जुनी प्लस योजना आणि प्लेस्टेशन नाऊ (खेळ स्ट्रीम करण्याची वेगळी सेवा) एकत्र करून इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि सर्वांत वरची प्रीमियम किंवा डीलक्स या श्रेणी आणल्या. ऑनलाइन खेळण्याची मुभा सर्वांत खालच्या इसेन्शियलमध्ये आहे, कारण विकतचे खेळ मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्याला ती टाळताच येत नाही. एक्स्ट्रामध्ये तिच्या जोडीला काही शे खेळांचा संग्रह मिळतो. परदेशातील प्रीमियम श्रेणीचे मुख्य आकर्षण म्हणजे क्लाउड स्ट्रीमिंग (खेळ डाउनलोड न करता इंटरनेटवरूनच चालवणे), आणि प्लेस्टेशन 3 चे खेळ त्यावरच चालतात. ती सोय भारतात नसल्यामुळे आपल्याला डीलक्स मिळते, ज्यात जुने क्लासिक खेळ आणि काही नव्या खेळांच्या मर्यादित वेळेच्या चाचण्या एवढेच जास्तीचे असते. सुरुवातीला आपल्याकडे महिन्याचे दर 499, 749 आणि 849 रुपये होते (पुढे दर बदलले). शेवटच्या पायरीला शंभरच रुपये जास्त, म्हणून माणूस सहज वर चढतो. दर आखणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

दुसरे म्हणजे, फोर्टनाइटसारख्या मोफत खेळांना ऑनलाइन खेळण्यासाठी प्लस लागतच नाही. मुलापुरता प्रश्न तिथेच मिटतो.

प्रतिसाद 2 :
वरील मताशी सहमत आहे. तुमच्यासाठी एक्स्ट्रा योग्य, पण तीन महिन्यांचेच घ्या. आधी वर्षाचे इसेन्शियल घेऊन मधेच श्रेणी वाढवलीत, तर उरलेल्या सगळ्या मुदतीचा फरक एकरकमी भरावा लागतो, एकाच महिन्यापुरती वरची श्रेणी घेता येत नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने 2018 पासून स्वतःचे नवे खेळ पहिल्याच दिवशी गेम पास या आपल्या वर्गणी योजनेत देण्याचे धोरण ठेवले, तसे सोनी आपल्या मोठ्या खेळांबाबत करत नाही. ते विकत घ्या, नाहीतर संग्रहात येईपर्यंत वाट पाहा. 2022 मध्ये ‘स्ट्रे’ प्रकाशनाच्या दिवशीच एक्स्ट्रामध्ये आला होता, पण तो सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओचा नव्हता.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. वर्गणी थांबवली, तर घेतलेले खेळ राहतात का?

प्रतिसाद 2 :
प्लसमध्ये दरमहा मिळणारे खेळ त्या-त्या महिन्यात खात्यात जोडून ठेवले असतील, तर वर्गणी संपल्यावर ते बंद होतात आणि पुन्हा भरल्यावर उघडतात. संग्रहातील खेळ मात्र सोनीने काढून घेतला की वर्गणी चालू असूनही खेळता येत नाही, म्हणून लांबलचक खेळ हाती घेण्याआधी तो लवकरच काढला जाणार आहे का, हे तपासून घ्या.